रक्त कमी, ओझं जास्त

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या गावांमधून गाड्या भरायला लागतात. पीठ, भांडी, अंथरुणं, लेकरं, म्हातारीकोतारी. कोयत्यावर निघालेली ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर चार-सहा महिने काढतात आणि पाडव्याच्या आगेमागे घरी परततात. त्यांची उचल, मुकादमाचा जाच, मुलांची बुडणारी शाळा यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांच्या अंगातल्या रक्ताबद्दल आणि छातीतल्या हृदयाबद्दल मात्र जे लिहिलं जातं ते सुटंसुटं. एका अहवालात रक्तक्षय, दुसऱ्यात गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, तिसऱ्यात रक्तदाब. सरकारी कार्यक्रमही तसेच वेगवेगळे, त्यांची रजिस्टरंही वेगळी. हे सगळं एकत्र मांडलं तर काय दिसतं, ते इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: वडवणीसारख्या तालुक्यात रक्ताचा आजार आणि हृदयाचा आजार हे दोन प्रश्न नाहीतच. प्रश्न एकच आहे, आणि तो वर्षातले कित्येक महिने तालुक्याबाहेर असतो.

आधी हृदयाचं काम समजून घेऊ. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं १६२८ साली रक्ताभिसरणावरचं पुस्तक छापलं. त्याचा सगळ्यात मोठा पुरावा साध्या गुणाकाराचा होता. एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं, अर्ध्या तासात किती ठोके पडतात, हे मोजलं तर येणारा आकडा अंगातल्या एकूण रक्ताहून कितीतरी मोठा निघतो. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असलं पाहिजे. आजचे आकडे असे: ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला साधारण ७० ठोके, म्हणजे निवांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त फिरवतं.

आता हाच गुणाकार उसाच्या फडात नेऊन पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईच्या एक लिटर रक्तात सुमारे १६० मिलिलिटर प्राणवायू मावतो. हिमोग्लोबिन ८ असेल तर १०७. बसलेल्या माणसाला मिनिटाला अडीचशे मिलिलिटर प्राणवायू पुरतो, म्हणून आठ हिमोग्लोबिनवाली बाई घरात बसली असेल तर तिला काही होतंय असं वाटतही नाही. पण तिला घरात बसायचं नसतं. ती ऊस तोडते, वाढे काढते, मोळी बांधते आणि ट्रक भरायला आला की तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या फळीवरून वर चढते. फळी अरुंद, पाय टाकताना लवणारी. वरच्या माणसाच्या हाती मोळी दिली की उतरायचं आणि पुढची उचलायची. ट्रक कधी रात्री दोनला येतो, तेव्हाही हेच. अशा कामाला मिनिटाला सव्वा लिटरच्या घरात प्राणवायू लागतो असं धरलं आणि त्यासाठी शरीरानं रक्तातला साठ टक्के प्राणवायू काढून घेतला, तर बारा हिमोग्लोबिनवालीच्या हृदयाला तेरा लिटरच्या आत भागवता येतं. आठवालीला एकोणीस लिटरच्या पुढे जावं लागतं. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या बाईच्या हृदयाला एवढं रक्त फिरवणं झेपण्यापलीकडचं आहे. मग दम लागतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ती म्हणते, 'अंगात ताकदच राहिली नाही.' गावातला डॉक्टर सलाईनची बाटली लावतो. त्या बाटलीत पाणी, मीठ, फार तर साखर असते. हिमोग्लोबिन एका थेंबानंही वाढत नाही, उलट रक्त फारच कमी असेल तर थकलेल्या हृदयावर पाण्याचा भार पडतो.

हे थोड्या बायकांचं दुखणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हा आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. पाच वर्षांखालच्या मुलांत ६८.९ टक्के. बोटाच्या टोकाचं रक्त घेऊन केलेल्या मोजणीत आकडा फुगतो असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे आणि त्यात तथ्य आहे. शिरेतून रक्त घेतलं तर प्रमाण कमी भरतं. तरी आकडा इकडे तिकडे झाल्यानं वडवणीतल्या बाईच्या परिस्थितीत फरक पडत नाही. याच सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. कोयता जोडीनं मोजला जातो, नवरा-बायकोचा मिळून एक, त्यामुळे पोरीचं लग्न लवकर उरकण्यामागे हाही हिशेब असतो. पाळी सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली नाहीत तोच पहिलं बाळंतपण, पाठोपाठ दुसरं. वाढत्या अंगाला लोह लागतं त्याच वेळी ते बाळाला द्यावं लागतं.

यावरचा सरकारी उपाय गोळीचा. २०१८ मध्ये आलेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गरोदर बाईला रोज एक लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड, १८० दिवस. आशाताई गोळ्या नेऊन देतात. पण गोळीनं मळमळतं, शी काळी होते, आणि गोळी खाल्ली की बाळ काळं होतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. डबा कोनाड्यात तसाच राहतो. त्यावर जेवणाबरोबर कपभर चहा घेतला की पोटात गेलेल्या लोहातलंही बरंचसं वाया जातं. लिंबू पिळलं तर ते अधिक शोषलं जातं, एवढं जरी घरोघर नीट पोचलं तरी पुष्कळ झालं.

अन्नाच्या बाजूनं एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आणि आपल्याच ताटातला आहे. 'धनशक्ती' नावाचं जास्त लोहाचं बाजरीचं वाण इक्रिसॅट ही कृषी संशोधन संस्था आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मिळून पुढे आणलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांत १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने भाकरी देण्यात आली, निम्म्यांना या बाजरीची, निम्म्यांना साध्या बाजरीची. ज्यांच्या अंगात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यात ही कमतरता भरून निघण्याची शक्यता जास्त लोहाच्या भाकरीनं दीडपटीहून अधिक वाढली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बीड हा तर बाजरीचाच मुलूख. इथल्या रानात कापूस आणि सोयाबीन आलं आणि बाजरी मागे हटली. पोषण आहारात आणि रेशनवर अशी बाजरी आली तर ती खाऊ घालण्यासाठी कुणाला समजावत बसावं लागणार नाही. लोहाइतकीच दुसरी उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात बहुसंख्य गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी आढळलं. ते दूध, अंडी, मांस यांतूनच मिळतं. ज्या घरात माळ आहे आणि दूध सगळं डेअरीला जातं, त्या घरात ते येणार कुठून? तिथे नुसती लोहाची गोळी अर्धंच काम करते.

पुण्याच्या याच अभ्यासानं हृदयरोगाबद्दलची आपली समजूतही बदलली. पुण्याच्या खेड्यातलं बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त. असं बाळ मोठेपणी मधुमेहाकडे आणि हृदयविकाराकडे लवकर झुकतं. सडसडीत अंगाच्या, कष्टकरी माणसाला हृदयविकार होत नाही, तो खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांचा आजार, हा समज वडवणीच्या बाजारात आजही ऐकू येईल. तो चुकीचा आहे. आईचं रक्त कमी, बाळाचं वजन कमी आणि पन्नाशीत हृदय दुबळं, ही एकच साखळी आहे.

आता पिशवी. बीडच्या खेड्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला 'पिशवी काढली' एवढंच म्हणतात, दाढ काढल्यासारखं. २०१९ मध्ये हा प्रकार गाजला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, जवळजवळ १७ टक्के. देशपातळीवरच्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातलं हे प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे. वयोगट तंतोतंत सारखे नसले तरी दरी केवढी आहे ते लपत नाही. चर्चा झाली ती खाडा पडू नये म्हणून बायका पिशवी काढतात यावर आणि पैशासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांवर. ती रास्तच होती. पण या गोष्टीचा रक्ताशी आणि हृदयाशी असलेला धागा फार कमी लोकांनी पकडला.

तो धागा असा. फडावर ना संडास, ना पाणी. पाळीत घडी बदलायला आडोसा नाही. अंगावरून जाणं वाढतं, जंतुसंसर्ग होतो, रक्त जात राहतं. हिमोग्लोबिन आठवर, सातवर येतं. तेव्हा उपाय हवा तो रक्तस्रावाच्या कारणावर आणि लोहावर, पण मिळतो तो पिशवी काढण्याचा. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली गेली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते आणि संप्रेरकांचं जे संरक्षण बाईच्या रक्तवाहिन्यांना पन्नाशीपर्यंत मिळतं ते त्याच दिवशी संपतं. पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्या स्त्रियांत हृदयविकार आणि हाडं ठिसूळ होणं या दोन्हींचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्या तेरा हजारांहून अधिक जणींपैकी ज्यांची अंडाशयं गेली असतील त्यांना हे कुणी सांगितलं? त्यांचा रक्तदाब, साखर दर वर्षी तपासली पाहिजे. शस्त्रक्रिया झाली म्हणून त्यांचं प्रकरण मिटलं असं धरणं हा दुसरा अन्याय आहे.

पुरुषांकडे वळलं की तंबाखू समोर येते, आणि बायकांची मशेरीही. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुतेक बिनधुराची. भूक मारायला, झोप उडवायला, थकवा विसरायला चिमूट मळली जाते. निकोटिननं नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. जोडीला ठेचा, लोणचं, खारातल्या मिरच्या. कालवण करायला वेळ नसतो, मग मीठच भाकरीला चव आणतं. ग्रामीण महाराष्ट्रात याचा शेवट कुठे होतो, याची सगळ्यात नेमकी नोंद गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेनं केली. ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं, तर पहिल्या क्रमांकावर पक्षाघात निघाला. सातातला एक मृत्यू पक्षाघाताचा. ज्या भागाला आपण मलेरियाचा आणि कुपोषणाचा समजतो तिथली ही गोष्ट. पक्षाघाताचं मुख्य कारण वाढलेला रक्तदाब, आणि त्यावरच्या गोळ्या स्वस्त आहेत. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्यांदा घेतले गेले. ठरलेली औषधं, उपकेंद्रापर्यंत गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद, न आलेल्याला फोन. एवढ्या साध्या शिस्तीनं रक्तदाब आटोक्यात येतो हे त्यातून दिसलं. पण ही शिस्त माणूस एका गावी राहतो असं गृहीत धरते. वडवणीचा रुग्ण नोव्हेंबरात सांगलीकडे जातो. बरोबर नेलेल्या महिन्याभराच्या गोळ्या संपतात. तिथल्या आरोग्य केंद्रात त्याची नोंद नसते, फडापासून ते केंद्र कित्येक किलोमीटर, आणि जायचं म्हणजे खाडा. गोळी सुटते. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी बरा झाला असं तो समजतो.

संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेल्या पोरांची गत याहून वाईट. लहानपणी घसा सुजतो, सांधे दुखतात, आणि काही वर्षांनी हृदयाची झडप आकसलेली सापडते. पुन्हा ताप येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. फडावर वाढणाऱ्या लेकराचं इंजेक्शन कोण लक्षात ठेवणार?

झटका आला तर काय? छातीत दाबल्यासारखं दुखतं, घाम फुटतो, डावा हात भरून येतो, आणि घरातले म्हणतात गॅस झालाय. सोडा पाजतात, ओवा देतात, पहाटेची वाट पाहतात. बीडचं जिल्हा रुग्णालय वडवणीपासून पस्तीस-चाळीस किलोमीटर, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याहून दूर. हृदयाच्या धमनीतली गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तीन तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नसतो. म्हणून अशा दुखण्यात चाळिशीपुढच्या माणसाचा ईसीजी पहिल्या तासात निघाला पाहिजे आणि १०८ ला फोन गेला पाहिजे. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. ईसीजीचं यंत्र काही महागडं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात ते रात्रीही चालू असणं आणि निघालेली पट्टी वाचणारा कुणीतरी फोनच्या पलीकडे असणं, एवढ्यावर माणूस वाचतो.

खेड्यातल्या हृदयासाठी खेड्यातच संशोधन होऊ शकतं, याचा सगळ्यात मोठा दाखला मराठवाड्याच्याच माणसानं दिला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरिबीतून शिकलेले. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती. विंचवाच्या विषानं नाही तर भीतीनं माणूस मरतो, अशीही समजूत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, श्वास लिहून ठेवले. त्यातून चित्र स्पष्ट झालं. विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय त्याविरुद्ध ढकलता ढकलता थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे माणूस हृदयानं मरतो. हे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे त्यांनी आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरायला सुरुवात केली. आधी अशा गंभीर रुग्णांतले शंभरात तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०११ मध्ये 'बीएमजे'त त्यांनी दाखवलं की प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. उसाच्या पाचटात, दगडी बांधात, कोपीच्या अंथरुणात विंचू निघतो, त्यामुळे टोळीच्या मुकादमाला हे माहीत असायलाच हवं: विंचू चावलेल्या माणसाला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की मंत्र, जडीबुटी सोडून थेट दवाखाना.

रक्तपेढीबद्दल थोडंच. महाराष्ट्रानं या क्षेत्रात जगाला बरंच दिलेलं आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे' रक्तगट शोधला. वडवणीतली अडचण त्यामानानं साधी आहे. रक्त द्यायला हिमोग्लोबिन १२.५ लागतं, वजन ४५ किलो. इथल्या निम्म्याहून जास्त बायका या अटीतच बसत नाहीत, म्हणून भार सगळा पुरुषांवर. ते उन्हाळ्यात फडावरून थकून आलेले असतात, त्याच महिन्यांत कॉलेजं बंद असतात आणि रक्तपेढीचे फ्रीज रिकामे. तांबड्या पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून जयंतीच्या एका दिवशी शंभर पिशव्या गोळा करण्यापेक्षा दर पंधरवड्याला दहा-बारा पिशव्या मिळणं बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईच्या जास्त कामाचं.

बीडच्या सीमेलगत जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि निरक्षर बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या बनवून दाखवलं. मला वाटतं, वडवणीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिशेला आहे, फक्त ती कार्यकर्ती टोळीबरोबर फडावर गेली पाहिजे. प्रत्येक टोळीत एखादी तरी शिकलेली सून असते. तिला बीपीचं यंत्र, हिमोग्लोबिन मोजायची पट्टी, गोळ्यांची पेटी आणि एक वही द्यावी, आणि त्या कामाचा खाडा नव्हे तर हजेरी धरावी. स्थलांतराच्या आधी आणि नंतर तपासणी व्हावी हे धोरण सरकारनं आधीच स्वीकारलं आहे. पण परतल्यावर झालेली तपासणी हा झालेल्या नुकसानीचा पंचनामा असतो. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या बाईला गाडीत चढवूच नये, तिच्या उचलीची फेड तोवर थांबवायची मुभा कायद्यानं मिळावी. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रुग्णाला हंगाम संपेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या एकदम मिळाव्यात. ज्या कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्यानं जवळच्या आरोग्य केंद्राशी बांधून घेऊन आठवड्यातून एक दिवस फडावर दवाखाना आणावा. फडात पाणी आणि आडोसा ही तर औषधाच्याही आधीची गोष्ट.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावातून, भावकीतून कोयता निघत असेल. यंदा गाडी सुटायच्या आठ दिवस आधी त्या घरातल्या बाईला आणि बाप्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जा. हिमोग्लोबिन आणि बीपी मोजून घ्या, आकडे कागदावर लिहून तो कागद त्यांच्या पिशवीत ठेवा, आणि गोळ्या एका महिन्याच्या नव्हे, सगळ्या हंगामाच्या मागून घ्या.